धुरंधरांची पोस्टकार्डं, आजीचं लुगडं आणि माझी मंडई

धुरंधरांचं नाव काढलं की आमच्या वर्गातली पोरं विचारतात, ते राज्याभिषेकवाले ना? हो, तेच. महादेव विश्वनाथ धुरंधर. भरलेला दरबार, शंभरावर माणसं, वाकलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन, ते चित्र. 6 जूनला अख्ख्या महाराष्ट्राच्या स्टेटसला असतं आणि चित्रकाराचं नाव कुणी टाकत नाही. तो राग वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

पण मला धुरंधर आवडतात ते त्या चित्रामुळे नाही हे आधीच सांगून टाकते. त्यांची मोठी ऑइल्स मला जरा नाटकी वाटतात. सगळे आपापल्या जागी उभे, उजेड बरोब्बर तोंडावर, कुणाला खाज सुटलेली नाही की कुणाला जांभई येत नाही. सातवीत शाळेच्या ट्रिपला औंधला गेलो होतो (आम्ही कोरेगावकडचे, त्यामुळे ट्रिप म्हणजे औंध नाहीतर सज्जनगड), तिथे यमाईच्या डोंगरावर जे भवानी चित्रसंग्रहालय आहे तिथे धुरंधरांची चित्रं पहिल्यांदा बघितली. म्हणजे बघितली असणार. मला आठवतंय ते बाईंचं "हात लावू नका" आणि राजा रवी वर्म्याची सैरंध्री. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, म्हणजे औंधच्या राजांनीच, 1938 साली हे म्युझियम उभं केलं आणि तिथे हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं शिल्पसुद्धा आहे, खटाव तालुक्यात हेन्री मूर, विचार करा. हे मला कॉलेजात आल्यावर कळलं आणि मग स्वतःच्या पैशानं एसटीनं परत गेले, तेव्हा कुठे नीट बघितलं.

तर मी वेडी झाले ते त्यांच्या पोस्टकार्डांनी. 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईतल्या माणसांवर त्यांनी रंगीत पोस्टकार्डं केली होती. कोळीण, पारशी बाई, घरकामाला येणारी ठसक्यातली मोलकरीण, असले सगळे लोक, आणि खाली इंग्रजीत एखादी गमतीशीर ओळ. जेमतेम तळहाताएवढा कागद, साधारण 14 बाय 9 सेंटिमीटर, पण त्यात बाई कुठून कुठे चाललीय, घाईत आहे की मुद्दाम रेंगाळतेय, सगळं कळतं. मी फोनवर झूम करकरून ती बघायचे. आणि बघताना सतत एक गोष्ट टोचत राहायची, की हा माणूस साडीचा काठ कुठेच सोडत नाही.

हे जरा सविस्तर सांगते कारण माझं सगळं इथूनच सुरू झालं. आपण साडी नेसलेली बाई काढतो तेव्हा काय करतो, आधी बाहेरची आउटलाइन, मग आत चुण्या, आणि शेवटी सजावट म्हणून काठाची एक पट्टी, त्यात दोन बुट्ट्या टाकल्या की झालं. एलिमेंटरी इंटरमिजिएटला मेमरी ड्रॉइंगमध्ये सगळ्यांनी तसंच काढलंय आणि ए ग्रेडही घेतलीय. धुरंधरांचं उलटं वाटतं. त्यांच्या चित्रात काठ ही सजावट नाहीच, काठ ही शरीराभोवती फिरणारी रेघ आहे. पोटरीवरून जाताना तो वळतो आणि पोटरी गोल आहे हे कळतं. गुडघा पुढे आला की काठ वर उचलला जातो. पाठीवरून पदर खांद्यावर येतो तिथे काठ एकदा पूर्ण पालथा होतो आणि त्या एका पालथ्या इंचात खांद्याची जाडी दिसते. शेडिंग जवळजवळ नाही तरी माणूस भरीव. मी ते ट्रेस करून बघायचे, ट्रेसिंग पेपर लावून नुसते काठ काढायचे, बाकी काहीच नाही, ना चेहरा ना हात. आणि नुसत्या काठांवरूनही बाई उभी राहायची! वही बघून मैत्रीण म्हणाली हे वायरचं काहीतरी आहे का.

पण एका ठिकाणी मी अडकायचे. नऊवारीत काठ गुडघ्याच्या मागे गेला की कुठे जातो हे मला कळत नव्हतं. चित्रात दिसतंय पण समजत नाही, आणि जे समजत नाही ते कॉपी केलं तरी खोटं येतं, हाताला लगेच कळतं ते. यूट्यूबवर नऊवारीचे व्हिडिओ आहेत शंभर, पण ते सगळे लग्नातल्या शिवलेल्या नऊवारीचे नाहीतर लेझीम पथकातल्या पोरींचे, पिना लावलेले. मग दिवाळीच्या सुट्टीत आजीला धरलं. माझी आजी आजही नऊवारीच नेसते, तिला साडी म्हणजे सहावारी, आणि सहावारी म्हणजे "फिरायला जायचं कापड".

आजीला म्हटलं मला नेसून दाखव, हळूहळू. तर हळूहळू तिला येईना. तिचे हात सत्तर वर्षांच्या सवयीनं आपोआप जातात, मध्ये थांबव म्हटलं की विसरायची, आणि मग चिडायची. शेवटी तिनं मलाच नेसवलं, ते बरं झालं, कारण आता काठ माझ्याच पायावरून फिरत होता. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मग खालचा काठ धरून दोन पायांच्या मधून मागे आणि वर, कंबरेत खोचला की झाला कासोटा. म्हणजे पोटरीवरून मागे जाणारा काठ गायब होत नाही, तो वर चढतो! मांडीच्या मागून वर. धुरंधरांच्या चित्रात बाई पाठमोरी असली की जी तिरकी रेघ दिसते ती हीच. एवढं साधं. आणि हे कुठल्या अॅनाटॉमीच्या पुस्तकात मिळणार.

मग मी आजीला फोनवर ती पोस्टकार्डं दाखवली. तिनं चष्मा पुसून बघितलं आणि जे काही बोलली ते मी तसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय. एका बाईकडे बघून म्हणाली, "ही कामाची न्हाई. पदर बघ की कसा सोडलाय, ह्यो पदर घिऊन चुलीम्होरं बसशील का?" दुसरीला म्हणाली, "हिनं कासुटा गच्च मारलाय, ही लांब चाललीया." कोळणीचं चित्र तिला फार आवडलं, "हिला कुणाच्या बापाची भीती न्हाई" म्हणाली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या चित्रातली माणसं तिला शेजारची असल्यासारखी वाचता येत होती. मला नाही येत. मी अप्लाइड आर्टची स्टुडंट, व्हिज्युअल कम्युनिकेशनवर असाइनमेंट लिहिणारी, आणि ओचा (पुढे कंबरेशी खोचलेल्या निऱ्या) किती सोडलाय यावरून मला काहीच कळत नाही.

तेव्हा डोक्यात आलं की आपल्या आजूबाजूच्या माणसांचं असं वाचन मी करू शकते की. पुण्यात राहते, रोज बसनं जाते. मला साडी वाचता येत नसेल पण स्कार्फ वाचता येतो.

तिसऱ्या वर्षाला इलस्ट्रेशनला सिरीज करायची होती, विषय आपला आपण. मी ठरवलं पुण्याची पोस्टकार्डं. आकार तोच, 14 बाय 9. पेन आणि वॉश, म्हणजे वर पातळ रंगाचा हात, रंग मोजके. धुरंधरांसारखं करायचं म्हणजे जुनं दिसायला हवं असं माझ्या रूममेटचं मत होतं, ती म्हणाली पेपरला चहाचं पाणी लाव, सेपिया टोन दे, भारी विंटेज लुक येईल. नाही. कागद पिवळा केला की धुरंधर होत नाहीत. त्यांनी काढलं तेव्हा ते विंटेज नव्हतं ना, ती त्या आठवड्यातली मुंबई होती, दुकानात विकायला ठेवलेली. हे विसरतो आपण. रावबहादूर पदवी होती, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये 1890 साली विद्यार्थी म्हणून शिरले ते 1931 पर्यंत तिथेच, 1930 मध्ये पहिले भारतीय डायरेक्टर झाले, त्या आधी 1895 ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक, सगळं आहे, पण हाच माणूस पोस्टकार्डंही करत होता, रवी वर्मा प्रेसलाही चित्रं देत होता, पुस्तकांची इलस्ट्रेशन्स तर ढीगभर. आमच्या इकडे फाइन आर्टवाले अप्लाइडवाल्यांकडे ज्या नजरेनं बघतात ना (तुम्ही काय, डबे रंगवणार), त्यांना मी हे ऐकवते.

असो. पहिलं कार्ड केलं स्कार्फवालीचं. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, इथल्या मुली टू व्हीलरवर बसायच्या आधी तोंडाला असा स्कार्फ गुंडाळतात की फक्त डोळे उरतात, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे, अंगात सनकोट. चंबळचे दरोडेखोर म्हणून शंभर जोक झालेत त्यावर, त्यामुळे जोक करायचा नव्हता. मला प्रॉब्लेम वेगळाच आला. काठच नाही! लेगिंग्जला काठ नाही, कुर्तीला नाही, सनकोट म्हणजे तर पोतं. शरीराभोवती फिरणारी रेघ आणायची कुठून. किती तरी कागद नुसते पिशव्या पिशव्या दिसत होते. मग सिग्नलला उभं राहून बघत बसले तेव्हा सापडायला लागलं, सॅकचे पट्टे. खांद्यावरून पट्टा जातो तो काखेखाली वळतो, तिथे तोच पालथा इंच आहे. हेल्मेटचा बेल्ट हनुवटीखालून. ऑफिसच्या आयकार्डाची दोरी छातीवरून खाली येताना बरोबर मधली रेघ देते. जीन्सची बाजूची शिवण तर पोटरीपर्यंत सगळी गोष्ट सांगते, बसलेल्या माणसाची ती मांडीवर कशी पिळली जाते बघा एकदा. स्कार्फचं टोक मागे मानेवर गाठ मारून सोडलेलं असतं, तिथे गाठीतून दोन्ही टोकं कुठल्या बाजूला पडलीत त्यावरून ती कुठल्या हातानं बांधते हेसुद्धा कळतं. आता मला माणसं दिसायच्या आधी पट्टेच दिसतात, जरा वेडेपणाच झालाय.

ते कार्ड झकास झालं. दुसरं केलं मंडईतली भाजीवाली. महात्मा फुले मंडई, तिथल्या बाहेरच्या बाजूला ज्या बायका खाली बसतात त्यातल्या एक. सहावारी साडी, त्यावर घरच्या बाप्याचा जुना फुलशर्ट, बाह्या दुमडलेल्या, डोक्याला टॉवेल. हा शर्ट तुम्ही शेतात पण बघितला असेल, साडी खराब होऊ नये, ऊन लागू नये म्हणून घालतात. मला तो शर्ट फार आवडतो. साडीचा मऊ पडलेला काठ आणि त्यावर शर्टाची कडक कॉलर, आणि बटणांची पट्टी, जी बायकांच्या कपड्यांपेक्षा उलट बाजूला असते. ड्रॉइंग म्हणून मेजवानी आहे ती.

सरांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले ड्रॉइंग चांगलंय, पण ही भाजीवाली आहे, बाई नाही. या बाईंचं नाव काय?

मला नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं सर, धुरंधरांच्या कोळणीचं तरी नाव कुठे आहे. तर ते म्हणाले बरोबर, तोच तर घोळ आहे, आणि मला लायब्ररीतून एक पुस्तक काढून दिलं. 1920 सालचं, ओटो रॉथफेल्ड नावाच्या आयसीएस साहेबानं भारतातल्या स्त्रियांवर लिहिलेलं, आणि आत धुरंधरांची 48 रंगीत चित्रं. सुंदर आहेत. खरंच सुंदर आहेत, रंग असे की पान उलटवत नाही. पण मांडणी बघा, या प्रदेशातली बाई, त्या जातीची बाई, त्या धर्माची बाई. एका पानावर एक नमुना. इंग्रजांना हे फार आवडायचं, त्याच्याही आधी 1868 ते 1875 मध्ये सरकारनं भारतातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड काढले होते, माणसांचं कॅटलॉगच. धुरंधरांची ती चित्रं त्याच रांगेत जाऊन बसतात, त्यांनी कितीही प्रेमानं काढली असली तरी.

मला हे पचायला जड गेलं. आवडत्या माणसाबद्दल असं काही ऐकलं की आधी राग येतो. आणि मी सरांशी वाद घातला तोही अगदीच खोटा नव्हता, आजही मला तो अर्धा पटतो. माझं म्हणणं, नमुना म्हणून का होईना, त्यांनी काढलं म्हणून तर ते लुगडं, ती पगडी, तो चालण्याचा ढंग आपल्यापर्यंत आला. आजी त्या चित्रातली बाई वाचू शकली, कारण धुरंधरांनी कासोटा नीट बघून काढला होता, नुसतं "नेटिव्ह स्त्री" म्हणून ठोकून दिलं नव्हतं. आणि शिवाय ते स्वतः कोल्हापुरात जन्मलेले पाठारे प्रभू, हे सगळं त्यांच्या घरातलं, त्यांच्या गल्लीतलं, परक्या साहेबानं दुर्बिणीतून बघितलेलं नाही. सरांचं म्हणणं, घरातल्या माणसाला पण कधी कधी साहेबाच्या खुर्चीत बसून बघायची सवय लागते, विशेषतः साहेबच पैसे देत असेल तर. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण मग मी त्यांची पेन्सिल स्केचेस बघायला लागले, पूर्वी जी पोस्टकार्डांच्या नादात वरवर बघितली होती ती. 2018 साली मुंबईत एनजीएमएला, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, सुहास बहुळकरांनी धुरंधरांचं मोठं प्रदर्शन मांडलं होतं, मी तेव्हा शाळेत, हुकलंच ते, पण त्यातली बरीच स्केचेस छापून आलीत. घरातली माणसं. बायको गंगूबाई, मुलगी अंबिका (ती पुढे स्वतः जेजेत शिकून चित्रकार झाली), नात्यातले लोक. इथे गंमत बघा, काठ तोच, हात तोच, पेन्सिल तितकीच सरसर चालणारी, पण गंगूबाईंचं चित्र "पाठारे प्रभू स्त्री" असं कधीच वाटत नाही. एक बाई आहे, तिला बहुतेक बसून बसून कंटाळा आलाय, आणि समोरच्या माणसाला ती चांगली ओळखते. मला वाटतं फरक ड्रॉइंगचा नाहीये. फरक हा की तिला उठून जायची मुभा होती आणि ती गेली नाही. हे माझं आपलं मत, कुठे वाचलेलं नाही.

मग परत मंडईत गेले. यावेळी लांबून न काढता सरळ शेजारी जाऊन बसले, विचारून. त्या काकूंनी आधी मला कॉलेजचा सर्व्हे समजून घालवायचा प्रयत्न केला, मग गिऱ्हाइकांना सांगायला लागल्या की पेपरात येणारे माझं. नाव सांगितलं, ते वहीत आहे, इथे टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. शर्ट घरच्या बाप्याचा नाही हे कळलं, मुलाचा आहे, तो कंपनीत लागला आणि युनिफॉर्म मिळाला, मग जुने शर्ट इकडे आले. खिशावर पेनाचा डाग आहे तो मुलाच्या पेनाचा. हे कळल्यावर तो खिसा मी वेगळाच काढला, आधी मी खिसा म्हणून चौकोन काढून मोकळी झाले होते. आणि त्या बसतात ते एक गुडघा वर करून, त्या गुडघ्यावर कोपर, आणि तराजू धरायचा हात मोकळा. लांबून मला वाटलं होतं आरामात बसल्यात. शेजारी बसून मी तसं बसून बघितलं, पंधरा मिनिटांत कंबर गेली. आरामबिराम काही नाही, गिऱ्हाईक आलं की पटकन उठता यावं म्हणून ते तसं बसणं आहे. मग पायाचा अंगठा का जमिनीत रुतलाय ते कळलं, आणि धुरंधरांच्या बायकांचे अंगठे सुद्धा असेच रुतलेले असतात हे मी त्याच रात्री परत जाऊन बघितलं. आहेत!

कार्डाखाली त्यांच्यासारखी गमतीची ओळ लिहायची होती. "पुण्याची भाजीवाली" वगैरे आता लिहिणं शक्यच नव्हतं. मी काढत असताना काकू जे म्हणाल्या तेच लिहिलं, "माझं काढतीस तर मेथी बी काढ, सकाळचीच हाय." सिरीजचा नियमच करून टाकला, ओळ आपली नाही, त्या माणसाची. मेथी पण काढली अर्थात.

तिसरं कार्ड सगळ्यात अवघड जातंय. सदाशिव पेठेतला एमपीएससीचा मुलगा. पुण्यात हे हजारोंनी आहेत, अभ्यासिकेत सीट, मेसचा डबा, पाठीला सॅक, हातात चहा, टपरीवर उभं राहून चालू घडामोडींवर वाद. इतका टाइप झालाय की रील्सवाले पोटं भरतात त्यावर. मी गावाकडून आलेली, माझा चुलतभाऊच करतो एमपीएससी, म्हणजे मला मॉडेल घरचंच. तो म्हणाला काढ, पण मला बिचारा काढू नको. आणि हेच जमत नाहीये, कारण कसंही काढलं तरी बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच "बिचारा" टाइप केलेलं असतं. खांदे वाकलेले काढले की बिचारा. ताठ काढले की मोटिव्हेशनल पोस्टर. धुरंधरांनी यावर काय केलं असतं असा विचार करून बघितला तर वाटतं त्यांनी त्याला काहीतरी करताना काढलं असतं. त्यांची माणसं नुसती उभी फारशी नसतातच, काही ना काही चाललेलं असतं, पदर सावरणं, टोपली उचलणं. भाऊ काय करतो? तो पाठ करताना खिशातल्या किल्ल्या हातात घेऊन फिरवत बसतो, गावाकडच्या घराची किल्ली आणि रूमची किल्ली एकाच कडीत आहे. ते काढून बघतेय. बोटं येत नाहीत अजून.

टूल्सबद्दल दोघातिघांनी विचारलं होतं म्हणून, जागेवर काढताना मी 4बी पेन्सिल आणि साधी कार्ट्रिज पेपरची वही वापरते, फायनलला फाउंटन पेनमध्ये वॉटरप्रूफ इंक भरू नका, पेन चोक होतं, डिप पेन घ्या. वॉश कॅम्लिनच्या पोस्टर कलरचा पातळ करून, कारण वॉटरकलर मला परवडतच नाहीत, आणि पोस्टर कलरचा जो थोडा दुधाळ सपाटपणा येतो तो मला त्या जुन्या छापील कार्डांच्या जवळचा वाटतो. जुन्या लिथोग्राफमध्ये रंग थरांनी छापलेले असायचे, एकेका रंगाचा वेगळा दगड, त्यामुळे रंग रेघेबाहेर किंचित सरकलेला दिसतो कधी कधी. तो सरकलेला रंग मी मुद्दाम आणत नाही. पोस्टकार्ड 300 जीएसएमच्या जाड कागदावर डिजिटल प्रिंट करून कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवायचा विचार आहे, किंमत अजून ठरली नाही. काकूंना त्यांची प्रिंट द्यायची आहे, त्यांनी आधीच बजावलंय की एक नको, पाच दे, जाऊबाईंना पण पाठवायचं आहे.

आजीला फोटो पाठवले होते तिन्हींचे. स्कार्फवालीवर काहीच बोलली नाही. भाजीवालीवर म्हणाली शर्टाचं वरचं बटण लाव, मंडईत वारं लागतं. आणि भावाच्या चित्रावर तिनं एकच प्रश्न विचारला, किल्ल्या दोन का, तिसरी कुठंय, गोठ्याची.

तिसरी काढते आता.